सोलापुरात छोटा उद्योग उभारताना : हिशेब, कर्ज आणि कागदपत्रे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे आणि वाचनालये होती, तशीच समाजाची आर्थिक स्थिती सुधारण्यासाठी औद्योगिक व शेतकी शाळा काढण्याचीही गोष्ट होती. सभेचे वसतिगृह जानेवारी १९२५ मध्ये आपल्या सोलापुरात सुरू झाले. त्यातला शिक्षणाचा धागा समाजाने घट्ट धरला. उद्योगाचा धागा मात्र सैलच राहिला. शहरातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले-मुली वर्षानुवर्षे बसतात. जागा मोजक्या निघतात, वय निघून जाते. मग "काहीतरी धंदा टाकू" असे ठरते आणि घरातला एकमेव साठा, म्हणजे वडिलांचा फंड किंवा आईचे दागिने, त्यात जातो. तो बुडाला तर पुन्हा उभे राहायला दुसरी पिढी लागते. आपल्याकडे मामाची पेढी नसते, काकाचे दुकान नसते. म्हणून इतरांपेक्षा आपल्याला हिशेब जास्त काटेकोर ठेवावा लागतो.

हा लेख अशा तरुण-तरुणींसाठी आहे, आणि त्यांचे अर्ज भरून देणाऱ्या, बँकेत सोबत जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही.

धंदा करणे म्हणजे चळवळीला पाठ दाखवणे, असा एक समज अजून काही जणांच्या मनात आहे. १९१७ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर बाबासाहेबांनी स्वतः शेअर बाजाराबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. त्यांचे ज्ञान कमी पडले नव्हते, बाजार जातीने चालत होता. आजचा बाजार तेवढा उघडपणे तसे वागत नाही, पण उधारी कोणाला द्यायची, गाळा कोणाला भाड्याने द्यायचा, या बाबतीत आडनाव आजही विचारले जाते. हे गृहीत धरूनच नियोजन करावे.

सोलापूर कशावर चालते

हे शहर कापडाचे. जुनी गिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि एकेक करून बंदही झाल्या. गिरण्या गेल्या तरी यंत्रमाग राहिले. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. गेल्या काही वर्षांत शालेय गणवेश शिवण्याचा उद्योग इथे वाढला असून बाहेरच्या राज्यांतले व्यापारीही गणवेशासाठी सोलापुरात येतात. विडी वळण्याच्या कामावर हजारो बायकांचे संसार चालतात. खाण्यात शेंगा चटणी आणि कडक भाकरी, शेतीत मंगळवेढ्याची ज्वारी, डाळिंब आणि कांदा. शहर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर आणि पुणे-हैदराबाद महामार्गावर आहे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर आसपास असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ बारमाही असते.

हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच की जिथे कच्चा माल, कारागीर आणि व्यापारी आधीपासून आहेत तिथे नवख्याला शिकायला मिळते. पुण्याच्या कॅफेची नक्कल करण्यापेक्षा सोलापुरात शिवणकाम, पॅकिंग, चटणी-भाकरी, यंत्रमागाच्या सुट्या भागांची दुरुस्ती, मालवाहतूक यांत शिरकाव सोपा आहे. शिलाई मशीन बिघडले तर दुपारपर्यंत मेकॅनिक येतो, काज-बटण करून देणारा शेजारच्या गल्लीत असतो. ही सोय पैशात मोजली जात नाही, पण नव्या माणसाला तीच तारून नेते.

धंदा निवडताना एक आणखी कसोटी आपल्या परंपरेत आहेच. तथागतांनी उपासकांसाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. गंमत अशी की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या वर्ज्य यादीतही दारू देणारे हॉटेल, विडी-सिगारेट यांसारख्या नशेच्या वस्तू आहेत. परमिट रूमसाठी अनुदान मागायला जाणाऱ्याला तिथेच थांबावे लागते.

दुकानदाराचे तीन गुण

अंगुत्तर निकायात यशस्वी दुकानदाराचे वर्णन आहे. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे नजर: अमुक वस्तू अमुक भावाने घेतली आणि अमुक भावाने विकली तर भांडवल किती लागेल आणि नफा किती उरेल, हे त्याला दिसते. दुसरी, खरेदी-विक्रीतले कसब. तिसरी, आधार: त्याची पत पाहून धनिक लोक स्वतःहून त्याला पैसा पुरवतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन आजच्या बँकेच्या प्रकल्प अहवालाशी जवळपास जुळते. अहवालातली खर्च-नफ्याची कोष्टके म्हणजे नजर, अनुभव आणि प्रशिक्षणाचे दाखले म्हणजे कसब, आणि सिबिलचा आकडा म्हणजे आधार.

आपल्या मुलांमध्ये दुसरा गुण बऱ्याचदा असतो. पहिला शिकून घ्यावा लागतो, आणि तो शिकण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे त्याच धंद्यात सहा महिने पगारावर काम करणे. गणवेशाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून राहिलेल्या माणसाला कळते की कापड किती टक्के वाया जाते, कारागीर दिवाळीनंतर का येत नाहीत, व्यापारी माल परत का पाठवतो. कोणताही सेमिनार हे सांगत नाही. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे, बार्टीचे आणि अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचे वर्ग जरूर करावेत, त्यांचे प्रमाणपत्र कर्जाच्या फाईलला उपयोगी पडते. पण ते पगारी अनुभवाच्या जागी बसत नाही.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, दोघी मैत्रिणींनी शर्ट शिवण्याचे जॉबवर्क घ्यायचे ठरवले. कापड आणि कटिंग व्यापाऱ्याचे, शिलाई यांची. खालचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत.

दरमहा काही झाले तरी होणारा खर्च: गाळ्याचे भाडे ६,००० रुपये, लाईट बिल २,५०० रुपये, चेकिंग-पॅकिंगच्या हेल्परचा पगार ९,००० रुपये, चालवणाऱ्याचा स्वतःचा पगार १२,००० रुपये, कर्जाचा हप्ता ६,५०० रुपये (३ लाख रुपये, ११ टक्के व्याज, ५ वर्षे), किरकोळ २,००० रुपये. एकूण ३८,००० रुपये.

एका शर्टमागे व्यापारी ६० रुपये देतो. त्यातले ३० कारागिराला, ८ रुपये दोरा, बटण आणि पॅकिंगला. उरले २२ रुपये. ३८,००० ला २२ ने भागले की १,७२८ शर्ट येतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ६७ शर्ट बाहेर पडले पाहिजेत, तेव्हा नफा शून्य आणि तोटाही शून्य. अडुसष्टाव्या शर्टापासून कमाई.

आता व्यापारी म्हणाला, "ताई, बाजार डाऊन आहे, ५५ करा." पाच रुपये म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण शर्टमागे उरणारे २२ आता १७ झाले. तोच ३८,००० चा खर्च भरायला २,२३६ शर्ट लागतील, म्हणजे रोज ८६. दर आठ टक्क्यांनी उतरला आणि काम एकोणतीस टक्क्यांनी वाढले. हा हिशेब ज्याच्या वहीत आहे तो त्या क्षणी "नाही" म्हणू शकतो, किंवा "५५ देतो पण महिन्याला २,५०० शर्टांची लेखी ऑर्डर द्या" असे म्हणू शकतो. ज्याच्याकडे नाही तो मान डोलावतो आणि तीन महिन्यांनी कारागिरांचे पगार थकवतो.

या यादीत चालवणाऱ्याचा स्वतःचा पगार घातला आहे, तो मुद्दाम. आपल्याकडे तो बहुतेक जण लिहीत नाहीत. घरच्यांचे श्रम फुकट धरले की तोट्यातला धंदाही नफ्यात दिसतो. बायको, बहीण, आई मशीनवर बसत असेल तर तिच्या शर्टाचे ३० रुपये तिच्या नावावर पडलेच पाहिजेत. हा हिशेबाचा भाग आहे आणि समतेचाही.

खेळते भांडवल, जिथे बहुतेक बुडतात

मशीनसाठी कर्ज मिळते, त्यामुळे लोक मशीनचाच विचार करतात. धंदा बंद पडतो तो बहुधा मशीनमुळे नाही. जॉबवर्क सोडून स्वतः कापड घेऊन गणवेश पुरवायचा म्हटले की चित्र बदलते. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून शिलाई फेब्रुवारी ते मे या काळात होते. कापड भिलवाडा किंवा इचलकरंजीकडून येते आणि नवख्याला ते रोखीनेच घ्यावे लागते. ५०० गणवेश, प्रत्येकी ४०० रुपये खर्च, म्हणजे मार्चमध्ये २ लाख रुपये गुंतले. माल जूनमध्ये गेला. पैसे दिवाळीच्या आधी आले तरी नशीब. या सात-आठ महिन्यांत भाडे, लाईट आणि हप्ता चालूच आहेत. मशीनवर सगळे पैसे घालून बसलेला माणूस इथे सावकाराकडे जातो आणि दर महिन्याच्या व्याजात वर्षाचा नफा देऊन येतो.

म्हणून बँकेकडे अर्ज करतानाच मुदत कर्जासोबत कॅश क्रेडिटची मागणी करावी. किमान चार महिन्यांचा स्थिर खर्च, आपल्या उदाहरणात सुमारे दीड लाख रुपये, बाजूला असल्याशिवाय शटर उघडू नये. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक स्वतःसाठी, दोन व्यवसायात, आणि चौथा अडचणीसाठी राखून. धंद्याच्या पहिल्या तीन वर्षांत तरी या वाटणीला हात लावू नये. गल्ल्यातले पैसे आणि खिशातले पैसे वेगळे, खाते वेगळे, वही वेगळी. जयंतीची वर्गणी, लग्नाचा आहेर, मित्राला उसने, हे सगळे स्वतःच्या पगारातून.

मोसमी धंद्याला दुसरा पाय लागतो. गणवेशवाल्यांना जूननंतर रिकामे महिने असतात. त्या काळात दवाखान्यांचे ॲप्रन, हॉटेलचे युनिफॉर्म, नाईट गाऊन अशी कामे धरणारे टिकतात. आणि एक प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा. १४ एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्या वस्त्यांत निळे झेंडे, पंचशील ध्वज, पांढरे सदरे-साड्या, टी-शर्ट यांची केवढी खरेदी होते. कापडाच्या शहरात राहून त्यातले किती आपल्या हातांनी शिवलेले असते? दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर स्टॉल लावायचा तर माल दोन महिने आधी तयार लागतो. हा ग्राहक ओळखीचा आहे, रोखीने घेणारा आहे.

मात्र फक्त समाजाच्या खरेदीवर धंदा उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जयभीम म्हणून आलेला ग्राहक पहिल्यांदा येतो, दुसऱ्यांदा तो टाक्याची शिलाई बघूनच येतो. शिवाय उधारीही जयभीमच्याच नावावर मागितली जाते. उधारीची मर्यादा पहिल्या दिवशी ठरवून पाटीवर लिहावी. नाते टिकते आणि धंदाही.

पैसा कुठून आणायचा

सुरुवात भिशीतून करणारे बरेच असतात. दहा-पंधरा ओळखीच्या माणसांची भिशी, लेखी नोंद ठेवलेली, ही छोट्या रकमेसाठी चांगली सोय आहे. महिला बचत गटाचे कर्जही तसेच. खासगी मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यावर मात्र धंदा सुरू करू नये, कारण नवीन धंद्याची कमाई आठवड्याच्या ठोक्याने येत नाही.

सरकारी योजनांत सर्वात जास्त वापरली जाणारी म्हणजे २००८ पासूनची पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना, पीएमईजीपी. उत्पादनासाठी ५० लाख, सेवेसाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प. अनुसूचित जाती, महिला वगैरे विशेष गटाला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. १० लाखांच्या प्रकल्पात हा फरक १ लाखाचा होतो, त्यामुळे शहराला लागून असलेल्या गावात युनिट टाकावे असा सल्ला दिला जातो. कारागीर तिथे यायला तयार आहेत का, माल नेण्या-आणण्याचा खर्च किती, हे पाहूनच तो मानावा. कारागीर नसलेल्या गावातले लाखभर अनुदान वर्षभरात रिक्षाभाड्यात जाते.

अनुदानाबद्दलचा एक मोठा गैरसमज इथेच दूर करायला हवा. हे पैसे हातात मिळत नाहीत. बँक ते तीन वर्षे ठेव म्हणून बाजूला ठेवते, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर ते कर्जात जमा होतात. युनिट बंद पडले तर अनुदान परत जाते. "अनुदान घेऊ आणि सोडून देऊ" हा सल्ला देणारा एजंट स्वतःची टक्केवारी घेऊन निघून जातो आणि थकबाकीदार म्हणून नाव लागते ते आपल्या मुलाचे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, तोही जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालतो. दोन्हींपैकी एकच घेता येतो.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी काम करते. त्याच्या बीजभांडवल योजनेत ५ लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला महामंडळ २० टक्के, बँक ७५ टक्के आणि अर्जदार ५ टक्के देतो. महामंडळाच्या हिश्श्यावर ४ टक्के व्याज असते. रक्कम लहान आहे, पण पहिले कर्ज वेळेत फेडल्याची नोंद पुढे फार कामाला येते. मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे: शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. शिंपी, चांभार, गवंडी, न्हावी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी २०२३ ची पंतप्रधान विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाख मिळतात.

मोठ्या युनिटसाठी २०१६ ची स्टँड अप इंडिया होती, १० लाख ते १ कोटी. राज्याच्या समाजकल्याण विभागाने तिला जोडून अनुसूचित जाती व नवबौद्ध उद्योजकांसाठी १५ टक्के मार्जिन मनी ठेवली, म्हणजे अर्जदाराचे १० टक्केच राहिले. मूळ योजनेची मुदत मार्च २०२५ पर्यंत होती, आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पहिल्यांदा उद्योग करणाऱ्या महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या ५ लाख व्यक्तींसाठी २ कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची घोषणा झाली. त्यामुळे जुने फलक पाहून फाईल करू नये. आधी सामाजिक न्याय भवनातल्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आणि बँकेत, दोन्हीकडे, आज काय चालू आहे ते लेखी विचारावे.

मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांची योजनाही आहे, ज्यात सभासदांचा वाटा ५ टक्के आणि बाकी शासन व बँकेचा. कागदावर ती सुंदर दिसते. महाराष्ट्रात अशा अनेक संस्था पाटीपुरत्या राहिल्या, सभासदांची नावे वापरली गेली आणि यंत्रे आलीच नाहीत. कोणी आधार कार्ड आणि सही मागून "तुम्हाला सभासद करतो" म्हणाले तर कार्यकर्त्यांनी तिथे नक्की हस्तक्षेप करावा.

दाखला आणि बँक

धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रात १९९० च्या दुरुस्तीने मिळाला. तरीही दाखल्यावरून फाईल अडण्याचे प्रकार होतात, कारण राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला, ज्यात अनुसूचित जातीतील मूळ जातीचा उल्लेख असतो, तो आधीच काढून ठेवावा. राज्याच्या योजनेसाठी राज्याचा. दोन्ही फाईलमध्ये असले की "उद्या या" ऐकावे लागत नाही. ज्यांना मूळ जात लिहिणे मनाला पटत नाही त्यांची भावना समजण्यासारखी आहे. पण कागद कायद्याच्या भाषेत बोलतो, आणि हक्क त्या भाषेतच मागावा लागतो.

बँकेत जाण्याआधी स्वतःचा सिबिल अहवाल पाहावा. मोबाईलचा थकलेला हप्ता, मित्राच्या गाडीला दिलेली जामीनकी, यामुळेही नकार येतो. प्रकल्प अहवाल सीएकडून करून घेतला तरी त्यातला प्रत्येक आकडा स्वतःला तोंडपाठ हवा. शाखाधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो "माल कोणाला विकणार?" आणि तिथे व्यापाऱ्याचे पत्र, दोन-चार जुनी बिले, नमुन्याचा शर्ट टेबलावर ठेवणारा अर्जदार वेगळा दिसतो. १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म व लघु उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तारणाऐवजी सीजीटीएमएसईची हमी घेता येते. तरीही घराचा उतारा मागितला तर नम्रपणे नियम दाखवावा. अर्ज तोंडी नाकारला तर लेखी कारण मागावे, पोच घेतल्याशिवाय फाईल देऊ नये, आणि तीच तक्रार अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे न्यावी. इथे कार्यकर्त्याची खरी गरज असते. मोर्चा नंतरही काढता येतो, आधी पोचपावती.

नोंदण्या

यात फार अडकू नये, दोन दिवसांचे काम आहे. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाईन होते आणि पूर्णपणे मोफत आहे, पैसे मागणारी संकेतस्थळे खासगी असतात. दहापेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाईन सूचना द्यायची असते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी नोंदणी मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांवर आणि सेवेला २० लाखांवर लागते. पण सोलापूरकरांनी एक लक्षात ठेवावे: माल विजयपूर, इंडी, कलबुर्गीला विकला की तो परराज्यातला व्यवहार झाला, आणि तिथे उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. शर्टाचे जॉबवर्क सेवेत मोडते, स्वतःचा शर्ट विकणे मालात.

शेंगा चटणी किंवा कडक भाकरी विकणाऱ्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवीच, छोट्यांसाठी ती वर्षाला १०० रुपयांची असते. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याचा महिना, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन छापावा लागतो. खाद्यपदार्थांत आडनावाचा प्रश्न अजून डोके वर काढतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रँडचे नाव काय ठेवायचे, हा ज्याचा-त्याचा निर्णय. कोणी अभिमानाने ओळख सांगणारे नाव ठेवते, कोणी गावाचे. दोघांनाही कमी लेखू नये.

सरकारी गिऱ्हाईक आणि थकलेली बिले

केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते, आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या मालकीच्या उद्योगांकडून, ३ टक्के महिलांच्या. २०१२ च्या खरेदी धोरणात हे आहे. त्यासाठी उद्यम नोंदणीत आपला सामाजिक गट अचूक भरलेला असावा आणि जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव असावे. २०१६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब याच कामासाठी आहे. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली डिक्की ही दलित उद्योजकांची संघटनाही मार्गदर्शन करते. रेल्वेचे विभागीय कार्यालय सोलापुरात आहे. चादरी, टॉवेल, गणवेश, सफाईचे साहित्य, छपाई अशा वस्तू लागणाऱ्या कार्यालयांची यादी काढून प्रत्येकाच्या निविदा पाहत राहणे, हे एका माणसाचे आठवड्याचे एक तासाचे काम आहे. पहिल्या वर्षी काही लागत नाही, तरी पाहत राहावे.

माल देऊन पैसे अडकले तर हतबल होऊ नये. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२३-२४ पासून आयकर कायद्यातही अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चअखेरीस मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस स्वतःहून फोन करू लागले आहेत. हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. उद्यम नोंदणी माल देण्याच्या तारखेआधीची हवी. बिलावर उद्यम क्रमांक छापावा, माल पोचल्याची सही आणि शिक्का घ्यावा. व्हॉट्सॲपवरची "माल मिळाला" ही ओळही जपून ठेवावी. आधी एक लेखी स्मरणपत्र, मग समाधान पोर्टलवर तक्रार, आणि ती तिथून विभागीय सुविधा परिषदेकडे जाते. वकील लावलाच पाहिजे असे नाही, कागद लागतात. चलन, बिल, पोच आणि बँकेचा उतारा ही चार कागदे तारखेप्रमाणे लावलेली एक फाईल प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाने पहिल्या ऑर्डरपासूनच उघडावी.